विंटरफेलचा खंदक आणि उलटी मांडणी

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या आठव्या पर्वातील विंटरफेल किल्ल्यापुढची मेलेल्यांच्या फौजेशी लढाई एप्रिल २०१९ मध्ये दाखवली गेली, तेव्हापासून माझा आणि माझ्या मावसभावाचा एक वाद मिटलेला नाही. राणी डेनेरिसच्या डोथ्राकी या भटक्या लढवय्यांच्या घोडदळाला अंधारात सर्वांत पुढे सोडणे योग्य होते, असे त्याचे म्हणणे. घोडेस्वार तटाच्या आत कोंडून ठेवायचे तर ते हवेत कशाला, असा त्याचा सवाल असतो.

जिवंत शत्रूपुरता हा सवाल रास्त आहे. घोडदळाच्या मुसंडीचे निम्मे काम समोरच्याची भीती करते: टापांचा आवाज जवळ आला की रांगेतला माणूस कचरतो, रांग फुटते आणि घोड्यांना वाट मिळते. मृतांच्या फौजेत कचरणारे कोणीच नाही. शिवाय पडलेला प्रत्येक स्वार मृतांचा म्होरक्या नाइट किंगच्या बाजूने उठून उभा राहणार, म्हणजे एका माणसाची हानी दोनदा मोजायची. अशा शत्रूशी माणसे राखूनच लढावे लागते.

याच सैन्याने सातव्या पर्वात डेनेरिसच्या शत्रू लॅनिस्टर घराण्याच्या रसदीवर हल्ला केला, तेव्हा आधी तिच्या ड्रोगॉन या ड्रॅगनने ढालींची रांग जाळली आणि त्या खिंडारातून डोथ्राकी आत घुसले. काही जण तर धावत्या घोड्यावर उभे राहून बाण सोडत होते. विंटरफेलला हा क्रमच उलटला: घोडे पुढे, ड्रॅगन मागे टेकडीवर थांबलेले. मेलिसांद्रे ही जादूगार पुजारीण; ऐनवेळी येऊन तिने डोथ्राकींची हत्यारे पेटवली, हे खरे. पण ती येण्यापूर्वीच त्यांची जागा ठरलेली होती. पुढे दूरवर त्या पेटत्या हत्यारांचे ठिपके एकेक करून विझतात आणि मोजके स्वार परत येतात.

यावर मावसभाऊ म्हणतो की समोरासमोर जिंकता येणार नाही हे बचावाचा म्होरक्या जॉन यानेच सांगितले होते. नाइट किंगला हव्या असलेल्या ब्रॅनच्या आमिषाने त्याला देवराईत आणायचे आणि फौजेने तोवर वेळ काढायचा, एवढाच बेत होता. मान्य. पण मग वेळ हीच कमाई असताना घोडदळ काही मिनिटांत उधळण्यात कोणता हिशेब? खंदक तर पायदळाच्या पाठीशी, आणि दगड फेकणारी यंत्रे पायदळाच्याही पुढे उघड्यावर! माघारीची वेळ येताच सगळ्यांना चिंचोळ्या वाटेने खंदक ओलांडावा लागला आणि मागच्यांना संरक्षण देणारे अनसलीड हे डेनेरिसचे पायदळ बाहेरच राहिले. खंदक पेटवण्याची खूण म्हणून जॉनचा साथीदार डाव्होस याने मशाली हलवल्या, त्या हिमवादळात ड्रॅगनवरच्या डेनेरिसला दिसल्याच नाहीत. मेलेल्यांना उठवणाऱ्या शत्रूपासून वाचवायला बायकामुलांना थडग्यांच्या तळघरात ठेवले, हा विषय काढला की मात्र मावसभाऊ गप्प बसतो.

गेल्या महिन्यात त्याने वहीच्या पानावर काढलेला सुधारित नकाशा मला पाठवला. त्यात खंदक पुढे, यंत्रे चौकात आणि डोथ्राकी धनुष्ये घेऊन तटावर होते. घोडे कुठे गेले, असे विचारल्यावर तो म्हणाला, “ते आधीच व्हाइट हार्बर बंदराला धाडून दिले.”