नानांचं मीठ

यंदा कार्तिकीला आळंदीची वाट धरली ती नानांच्या, माझ्या वडिलांच्या, मागे नाही, नानांशिवाय. पावसाळ्यात ते गेले, वयाच्या ८८व्या वर्षी. त्यांची कापडी पिशवी तेवढी माझ्या खांद्याला होती. आत टाळ आणि दोन किलो खडेमीठ.

नेरूळजवळच्या आमच्या करावे गावातून दिंडी निघते. पळस्पे, चौक, खोपोली, बोरघाट, लोणावळा, देहू करत सहाव्या दिवशी माउलींच्या दारात. आम्हा आगऱ्यांची वारी कार्तिकीची. आषाढीला लावणी अंगावर आलेली असते, शेत टाकून कोण जाणार? कार्तिकात भात कापून, झोडून घरात पडलं की माणूस मोकळा. आता गावात शेत नाही, मिठागर नाही, खाडीपर्यंत इमारती झाल्या. वारीची तिथी मात्र तीच राहिली.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७० ची. नाना तेव्हा तरुण, नुकते लग्न झालेले. शहरासाठी जमिनी गेल्या आणि शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील साहेबांच्या मागे जी माणसं उभी राहिली त्यांत नाना होते. जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईच्या आंदोलनात दोन दिवसांत पाच शेतकरी गोळीबारात गेले. मी नऊ वर्षांची होते. नाना तिसऱ्या रात्री घरी आले, पायरीवर बसले आणि आईने पुढे केलेलं ताट तसंच राहिलं. एवढंच आठवतं. त्या लढ्यातूनच पुढे, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्क्यांची योजना आली. तेव्हा सातबारा वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्या आमच्या ओटीवर रांगेने बसायच्या आणि नाना एकेकीचा अर्ज भरून द्यायचे. आम्हाला मिळालेल्या पैशातला मोठा वाटा त्यांनी गावातल्या पोरांच्या अभ्यासिकेला दिला. आई वर्षभर नीट बोलली नाही. चार मुलींची लग्नं व्हायची होती, तिचा राग खरा होता. मी आजही आईच्या बाजूने आहे. पण त्याच अभ्यासिकेत बसून माझा मुलगा इंजिनिअर झाला, हेही खरं.

चौकच्या मुक्कामी माझा डावा पाय सुजला. टाचेला रुपयाएवढा फोड. तेव्हा पिशवीतल्या मिठाची आठवण झाली. घमेलं मागून आणलं, कोमट पाण्यात मूठभर मीठ टाकून पाय सोडला. शेजारी गावातली एक आजी बसली होती, सत्तरीपुढची. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “तुजा बापूस आसाच बसाचा, बाय. पन सोताचं पाय न्हाय, आमचं पाय धुवाचा.”

मला हे माहीतच नव्हतं. घरी नाना वारीहून यायचे ते प्रसादाचे चुरमुरे आणि सगळ्यांची खुशाली घेऊन. कुणाचे पाय धुतले हे कधी बोलले नाहीत. चाळीस वर्षं ते मीठ नेत राहिले. आधी आपल्या मिठागरातलं, मिठागर गेल्यावर उरणहून विकत आणलेलं. मी पाय पुसले, पाणी बदललं आणि आजीचा पाय घमेल्यात घेतला. तळव्याला भेगा इतक्या खोल, की बोट फिरवताना हात थांबत होता. ती लाजून पाय ओढत होती. मी सोडला नाही. नंतर आणखी चौघी आल्या.

दुसऱ्या दिवशी बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी दिंडी थांबली. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, असं सांगतात. येणारा-जाणारा नाणं टाकून पुढे जातो. नाना इथे मुलांना पुढे घालायचे आणि स्वतः सगळ्यात मागे चालायचे, म्हणे. वर खंडाळ्याला मी धाप लागून बसले तेव्हा हरिपाठ सुरू होता आणि नानांचा स्वर नव्हता, तेव्हा मात्र मला आवरलं नाही. कुणी काही बोललं नाही. दोघीजणी मुकाट्याने टाळ वाजवत माझ्या बाजूला येऊन बसल्या.

आळंदीत इंद्रायणीत पाय घातले, समाधीचं दर्शन झालं. पिशवीत ओंजळभर मीठ उरलं होतं. परतीचा टेम्पो जुन्या रस्त्याने न्यायला सांगितला. खोपोलीत ज्यांच्या अंगणात पूर्वी दिंडीचा मुक्काम असायचा त्या मावशींच्या हाती ते दिलं.

“नाना नाय आले?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी मीठ पदरात घेतलं आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.