आजीचं शास्त्र

रविवार, रात्री

दुपारपासून आईचं ते एक वाक्य मनातून जात नाही. धाकट्याने आज आपण होऊन आजीचं शास्त्र, म्हणजे तिचं जुनं बायबल, मागितलं. इंग्रजी शाळेतलं पोर, मराठी अक्षर लावत लावत वाचतं, तरी म्हणाला, मला यातलंच वाचायचंय. आई म्हणाली, "हात लावू नकोस त्याला, पानं तुटतील. मोबाइलमध्ये आहे ना, त्यात वाच." तो निमूट उठून गेला.

आईवर रागवू कशी? तिने ते जिवापाड जपलंय. मखमली फडकं, कपाटातला वरचा कप्पा, पानांत कडुलिंबाचा पाला. घरात कोणी आजारी पडलं की ते उशाखाली जातं. दादाच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यातही गेलं होतं. बाबांच्या वेळी... ते आज नको.

पण ते उघडतो कधी आपण?

भाषांतर पंडिता रमाबाईंचं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावला, निराधार बायका-मुलींसाठी काढलेल्या आपल्या मुक्ती आश्रमात, वर्षानुवर्षं खपून त्यांनी ते केलं. कशासाठी? नुकतंच वाचायला शिकलेल्या साध्या बाईलाही देवाचं वचन कळावं म्हणून. छपाईचे खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच मुली-बाया. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, अख्खं शास्त्र १९२४ मध्ये बाहेर आलं. मुक्तीत वाढलेल्या आजीने ते बोट ठेवून वाचलं. कडेचे डाग तिच्या बोटांचे आहेत. वाचून वाचून झिजलेलं पुस्तक आता झिजू नये म्हणून आम्ही ते बंद ठेवतो.

संध्याकाळी बायबलमधलं राजांचं दुसरं पुस्तक काढलं, अध्याय अठरावा. हिज्कीया राजाने मोशेने घडवलेला पितळी सर्प फोडून टाकला. तो काही परक्या देवाचा नव्हता. देवानेच करायला सांगितलेला, रानात मरणाऱ्या लोकांना त्याने जगवलं होतं. प्रभू येशूने स्वतःच्या क्रूसाविषयी बोलताना त्याचाच दाखला दिला. आणि त्याच सर्पापुढे लोक धूप जाळायला लागले. मला भीती वाटते ती याचीच. खोट्या गोष्टीवरची भक्ती ओळखता येते. देवाने दिलेल्या गोष्टीवरच ती अडून राहिली, तर कोणाच्या लक्षात येणार?

रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत लिहिलंय की १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो मिळालेला नाही. आठ वर्षं! एवढ्या विदुषीला! मी तर जन्मापासून मंडळीत आहे. उपासना, बायकांची सभा, उपवास प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं करते. थकते, आणि घरात कोणी विचारत नाही की तू कशी आहेस. प्रभूलाही मी हे कधी नीट सांगितलेलं नाही. त्याच्यासाठी धावपळ करते आणि त्याच्याजवळ बसत नाही.

हे लिहिल्यावर जरा रडू आलं. मग वाटलं, आईचंही असंच असेल. आजी गेली तेव्हा तिला धरायला दुसरं काय उरलं होतं? तिच्या हातून ते काढून घेणारी मी कोण? हिज्कीया राजा होता. मी मुलगी आहे.

जेवणं झाल्यावर तिच्याशी बोलले. हिज्कीयाचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाले, आजीने ते वाचायला ठेवलं होतं, आई. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी पानं उलटीन, त्याने वाचावं." मला तेवढं पुरे आहे.

उद्यापासून रात्रीच्या प्रार्थनेला सुरुवात करू. माझ्या मनात मार्काचं शुभवर्तमान होतं, पण त्याला माशाच्या पोटातला योना हवाय. योनाच घेऊ. चारच अध्याय आहेत, मग मार्क.