उचलत काहीच नाही, मग पाहायचे काय?

मूकपटांचा नाद असल्यामुळे घरी येणाऱ्यांना मी कधी ना कधी युजीन सँडोची फीत दाखवतोच, आणि ती संपताच बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : एवढा नामांकित बलवान, पण हा तर काहीच उचलत नाही, मग पाहायचे काय? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून लिहितो.

ही फीत एडिसनचा सहकारी डब्ल्यू. के. एल. डिक्सन याने ६ मार्च १८९४ रोजी न्यू जर्सीतील वेस्ट ऑरेंज येथे, एडिसनच्या ‘ब्लॅक मारिया’ स्टुडिओत घेतली. डांबरी कागदाने मढवलेली ही वास्तू रुळावर फिरवता येई आणि छप्पर उघडून ऊन नेमके नटावर घेता येई. त्या उन्हात, काळ्या पार्श्वभूमीवर, सँडो हात डोक्यामागे नेतो, दंडाची बेटकुळी काढतो, पाठ दाखवतो, आणि मिनिटभराच्या आत सारे आटोपते. (बिनबाह्यांच्या बनियनला आपण ज्याच्या नावाने ओळखतो, त्याच्या अंगावर इथे बनियनही नाही.)

रंगमंचावर उचललेले वजन आतून पोकळ असेल, अशी शंका प्रेक्षकाला घेता येते; पाठीच्या स्नायूंविषयी ती घेता येत नाही. शिवाय ही फीत पडद्यासाठी नव्हतीच. किनेटोस्कोपच्या पेटीवर वाकून, एका वेळी एकानेच, झरोक्यातून ती पाहायची असे. १४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर अशा दहा पेट्यांचे दालन उघडले, त्यांतील एकीत सँडो होता. पाच पेट्यांच्या रांगेला २५ सेंट पडत. आदल्याच वर्षी शिकागोत सँडोचे प्रयोग लावणाऱ्या झीगफेल्डने प्रयोगानंतर प्रतिष्ठित स्त्रियांना रंगमंचामागे बोलावून सँडोचे स्नायू चाचपू दिले होते. स्पर्श वगळला, तर तीच जवळीक ही पेटी पाच सेंटांत कोणालाही विकत होती, आणि माझ्या मते फितीचे मर्म तेच आहे. जवळून पाहणाऱ्यापुढे वजन म्हणजे अडगळच.

पुढे बलवानाला कथानक मिळाले. १९१४ च्या इटालियन ‘काबिरिया’त जिनोव्हाच्या गोदीतला कामगार बार्तोलोमेओ पगानो माचिस्ते नावाचा बलवान गुलाम झाला आणि इतका गाजला की त्या पात्रावर स्वतंत्र चित्रपटांची मालिकाच निघाली. पगानोचा देह खराच होता. पण जात्याला जखडलेला माचिस्ते साखळी तोडतो, तेव्हा मला पहिली शंका येते ती साखळीचीच.