ठकीचा कान

"डॉक्टरबाई, तुमची ठकी व्याली. चार आहेत."

जूनचा दुसरा आठवडा. दवाखान्याचं शटर अर्धंच वर गेलं होतं आणि फोनवर लालबागच्या चाळीतल्या मावशी. 'तुमची' या शब्दावर त्यांनी दिलेला जोर ऐकून पोटात गोळा आला. कारण दोन महिन्यांपूर्वीच ठकीचं गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं मी माझ्या हातांनी काढून ट्रेमध्ये ठेवली होती. ते काढल्यावर मांजर विणार नाही, हे सांगायला परळच्या व्हेटर्नरी कॉलेजची पदवी लागत नाही. तरीही फोन ठेवल्यावर मनात पहिलं काय आलं असेल, तर हे: त्या दिवशी मी नेमकं काढलं तरी काय?

त्यात ऑपरेशनचे पैसे वर्गणीचे. लालबागमध्ये वर्गणी म्हटली की ती गणपतीचीच. पण मावशींनी शंभरपानी वही घेऊन मांजरीसाठी तिन्ही मजले पालथे घातले होते. खोली नंबर, नाव, रक्कम. कुणी पन्नास दिले, कुणी वीस. तळमजल्यावरच्या आजोबांनी दहा रुपये दिले आणि वर "बोके मोकळे सोडून बाईलाच का धरता?" हा प्रश्न दिला. प्रश्न योग्यच होता. मी त्यांना म्हटलं, चाळीतले सगळे बोके धरले आणि एकच सुटला, तरी तो एकटा पुरतो. मांजरी मात्र जितक्या धराल, तितक्या बाळंतपणांना कायमचा पूर्णविराम.

एप्रिलमध्ये ठकीला आणलं, तेव्हा मावशींनी तिची सगळी बाळंतपणं तोंडपाठ सांगितली होती. दोन वर्षांत सात वेळा. "दिवाळीत व्याली आणि तुळशीचं लग्न होऊन पंधरा दिवस झाले नाहीत, तर पुन्हा." मी मान डोलावली आणि केसपेपरवर 'वारंवार' एवढंच लिहिलं. मांजर 63 ते 65 दिवस गाभण राहते. पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा माजावर येऊ शकते हे खरं, पण दिवाळी ते तुळशीचं लग्न आणि वर पंधरा दिवस, म्हणजे जेमतेम महिना. एवढ्यात दोन बाळंतपणं बसत नाहीत. माझा समज असा, की वय झालंय, मावशींची गल्लत होत असेल. मावशींना गॅलरीतल्या बावीस बिऱ्हाडांचे वाढदिवस पाठ आहेत, हे मला पुढे कळलं.

त्या दिवशी मी आणखी एक चूक केली आणि ती सरळसरळ भिडेपोटी. भटक्या मांजरीची नसबंदी केली की भूल उतरायच्या आत डाव्या कानाचं टोक, साधारण एक सेंटीमीटर, सरळ रेषेत कापायचं असतं. ती खूण लांबून दिसते, मग तीच मांजर पुन्हा पकडली जात नाही आणि तिचं पोट पुन्हा उघडलं जात नाही. कुत्र्यांच्या बाबतीत तर 2001 च्या नियमांतच कानाची खूण लिहिलेली होती. पण मी कात्री उचलणार, तेवढ्यात मावशी दारातून म्हणाल्या, "अगं, कान नको कापूस गं बाई. देखणी आहे ती. चाळीत कानकापी म्हणतील तिला." एरवी मला 'अहो डॉक्टरबाई' म्हणणारी बाई एकदम 'अगं'वर आली आणि मी विरघळले. कात्री ठेवून दिली.

तिसरी चूक छेदाची. पाजणाऱ्या मांजरीला शक्यतो कुशीतून छेद द्यावा, म्हणजे दुधाने भरलेल्या आचळांना धक्का लागत नाही. पण माझा हात पोटाच्या मधल्या छेदाला सरावलेला. कुशीतून दिला असता, तर भादरलेली कूस पुढे काही आठवडे वरच्या मजल्यावरूनही दिसली असती. पोट कोण बघतंय?

संध्याकाळी दवाखाना आटोपून गेले. पाऊस कोसळत होता, लाकडी जिना ओला, गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांतून वाट काढावी लागत होती. मी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आठ-दहा माणसं उभीच होती. एक गृहस्थ, बहुधा मंडळाचे हिशेब बघणारे, हसतमुखाने म्हणाले, "काही नाही मॅडम, लोक विचारतायत की वर्गणीचं काय." मला त्यांचा राग आला नाही. मीही त्यांच्या जागी हेच विचारलं असतं.

मावशींच्या दाराशेजारी जुनी पत्र्याची ट्रंक, तिच्या आड गोणपाट, आणि गोणपाटावर ठकी आडवी पडलेली. करड्या अंगावर काळे पट्टे, पुढचे दोन्ही पंजे मोजे घातल्यासारखे पांढरे, कपाळावर तो 'एम'. चार पिल्लं आचळांना लागलेली, डोळे अजून मिटलेले, म्हणजे आठवड्याच्या आत-बाहेरची. तिने माझ्याकडे पाहून डोळे किलकिले केले. अगदी शांत. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात, ही डोळे मिटून पाजत होती.

मी खाली बसले, पिल्लं अलगद बाजूला केली आणि मोबाईलच्या उजेडात तिचं पोट पाहिलं. पोटावरचे केस इतरांपेक्षा आखूड, आणि बरोबर मध्यावर बोटाला लागणारी बारीक रेघ. माझाच टाका. ही ठकीच. ऑपरेशन झालेली ठकी. मग आचळ हलकेच दाबलं, तर दुधाचा थेंब आला.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मग एप्रिलमधलं तिचं ते मोठं पिल्लू दिसलं. साडेतीन-चार महिन्यांचा दांडगा बोका, ट्रंकेवर बसलेला. "हा अजून पितो का हो?" मी विचारलं. "पितो की, घोडा झालाय तरी," मावशी म्हणाल्या. म्हणजे दूध आटलंच नव्हतं. अंडाशयं काढली म्हणून दूध लगेच थांबत नाही. पिणारं तोंड असेल, तर ते चालू राहतं. दुधाचा उलगडा झाला. पण पिल्लं कुणाची? मी मावशींना विचारलं, "हिला विताना पाहिलं कुणी?" सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सकाळी उठून बघतात तो पिल्लं होती आणि ठकी होती. आणखी काय पाहायचं?

तुळशीचं लग्न मला आठवलं ते तेव्हा.

मी सगळ्यांना आत जायला सांगितलं आणि गॅलरीतला दिवा घालवायला लावला. जूनमध्ये मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजं काही नव्हतं. मावशींनी गॅसवर दोन सुके बोंबील भाजले. तो वास तिन्ही मजल्यांवर गेला असणार. मी दाराच्या फटीतून बघत बसले. वीसेक मिनिटं गेली. तळमजल्यावरचे आजोबा हळूच वर येऊन माझ्या मागे उभे राहिले होते, तेही श्वास रोखून.

जिन्याच्या वरच्या कठड्यावरून एक मांजर उतरली. करडी, काळे पट्टे, पांढरे मोजे, कपाळावर 'एम'. बोंबील तोंडात धरून ती थेट ट्रंकेमागे गेली. ठकी जराशी सरकली, तिने जागा करून दिली. दोघी पाठीला पाठ लावून पडल्या आणि पिल्लं दोघींत वाटली गेली.

"ठकीनं ठकवलं की ओ सगळ्यांना," आजोबा म्हणाले, आणि अख्खी गॅलरी हसली. वर्गणीवाले गृहस्थही.

कपाळावरच्या ज्या 'एम'वरून चाळ ठकीला ओळखत होती, तो प्रत्येक पट्टेरी मांजराला असतो. दुसरी तिची बहीण असेल किंवा लेक. मांजरी पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की स्वतःच गाभण राहू शकतात, त्यामुळे मायलेकी एकाच वेळी बाळंत होणं नवलाचं नाही. अशा मांजरी एका जागी वितात आणि एकमेकींची पिल्लं पाजतात. आणि थंड देशांत हिवाळ्यात दिवस लहान झाला की त्यांचा माज थांबतो, तसं आपल्याकडे फारसं घडत नाही. मुंबईतला डिसेंबरचा सर्वांत लहान दिवससुद्धा जवळपास 11 तासांचा. दोन मांजरींचं वर्षभराचं काम चाळीने एकटीच्या नावावर लिहिलं होतं.

दुसरीला लगेच उचललं नाही. दोन महिने थांबलो, पिल्लं खाती झाली, त्यांतली तीन घरं बघून दिली. मधल्या काळात ती पुन्हा गाभण राहू नये म्हणून मावशी तिला संध्याकाळपासून खोलीतच कोंडत. "बोक्यांचे फोन येतात रात्री," असं त्या म्हणायच्या. ऑगस्टमध्ये पिंजरा लावला. या वेळी छेद कुशीतून. ठकीलाही बरोबर आणून थोडी भूल दिली. मी कात्री घेतली आणि मावशींकडे पाहिलं.

"काप बाई," त्या म्हणाल्या. "दोघींचे काप."

पैसे मी घेतले नाहीत. मावशींनी वाद घातला नाही, पिशवीतून ती शंभरपानी वही काढली. गॅलरीतल्या बिऱ्हाडांच्या यादीखाली, खोली नंबरच्या रकान्यात रेघ मारून त्यांनी लिहिलं: 'डॉक्टरबाई. एक मांजर.'