जी.डी. आर्ट, खाजगी कॉलेज आणि कोल्हापूर : माझा अनुभव

आमच्या आर्ट कॉलेजबद्दल तिघांना विचारलंत तर तीन उत्तरं मिळतील. माझ्या पुढच्या बॅचची एक ताई म्हणेल, असं कॉलेज शोधून सापडायचं नाही. माझ्याच वर्गातला एकजण तोंड वाकडं करून म्हणेल, पैसे पाण्यात गेले. मी विचारेन, कुठल्या वर्षाचं बोलताय?

प्रवेशाचे दिवस आले की ओळखीपाळखीतल्या पालकांचे फोन सुरू होतात. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. कॉलेजचं नाव देत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या दुसऱ्या कॉलेजांतल्या मैत्रिणींशी बोलले तर त्यांच्याकडेही थोड्याफार फरकाने हेच चालतं.

मी गारगोटीची. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही झालेल्या, ड्रॉइंगच्या बाईंनी डोक्यात मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट भरवून दिलेलं. बारावीनंतर बी.एफ.ए.ची, म्हणजे कलेच्या पदवीची, प्रवेश परीक्षा (सीईटी) दिली. वस्तुचित्र झकास गेलं, स्मरणचित्राने घात केला. जे.जे. हुकलं. सरकारी कला महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. म्हणजे आमच्यासारख्यांनी घराजवळ राहायचं म्हटलं तर खाजगीशिवाय पर्याय नाही. मग फाउंडेशन, म्हणजे पायाभूत कोर्स, आणि पुढे जी.डी. आर्ट हा कलेचा डिप्लोमा, ड्रॉइंग अँड पेंटिंग विषयात.

खाजगीतही अनुदानित आणि विनाअनुदानित असा भेद असतो, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. अनुदानित असेल तर शिक्षकांचा पगार सरकारकडून येतो. विनाअनुदानित असेल तर तो पोरांच्या फीमधून काढायचा असतो. हा हिशोब वरवर ऑफिसपुरता वाटतो, पण पुढची सगळी वर्षं वर्गात कोण उभं राहणार हे त्यावरच ठरतं. आमच्याकडे बरेचसे शिक्षक तासिका तत्त्वावर. जितके तास घेतले तितके पैसे, तेही वेळेवर मिळतीलच असं नाही. त्यामुळे चांगला माणूस टिकला तर त्या बॅचचं नशीब.

आमचं नशीब पहिली दीड-दोन वर्षं जोरात होतं. लँडस्केप शिकवणारे सर भल्या सकाळी सगळ्यांना पंचगंगा घाटावर बोलवायचे. मी मंगळवार पेठेत कॉट बेसिसवर राहायचे, तिथून बोर्ड बगलेत मारून चालत जायचे. घाट काळ्या दगडाचा, म्हणून आम्ही सगळ्यांनी पहिल्याच दिवशी काळा रंग काढला. सरांनी एकेकाच्या हातातली काळी ट्यूब काढून घेतली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली. मग माझ्याच कागदावर डेमो दिला. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना पॅलेटवर अर्धवटच मिसळले, भरपूर पाणी घेतलं आणि पायऱ्यांचा सगळा उतार एका वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका हातात, सोडला. कागदावर एकीकडे निळसर राखाडी उतरला, दुसरीकडे तांबूस. दगड ओला दिसायला लागला. मी लगेच पायऱ्यांच्या रेघा मारायला ब्रश पुढे केला तर हात धरून म्हणाले, "थांब की. कागद पाणी पितोय, पिऊ दे." तो हाफ शीट अजून माझ्याकडे आहे. खाली सही माझी आहे, पण त्यातलं माझं फक्त आकाश.

ह्या सरांनीच आम्हाला टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आबालाल रहिमान यांची चित्रं दाखवली. नुसती दाखवली नाहीत, एकेका चित्रापुढे बसवून टोनचे, म्हणजे उजेड-सावलीचे, स्केच करून घेतले. आबालाल जे.जे.त शिकून कोल्हापूरला परतले आणि शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे संग्रहालयातही नेलं. सिनेमातला नायक इतका पक्का चित्रकार होता हे मला तिथे कळलं. कोल्हापूरचे जुने चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर, त्यांचं नाव तर रोज निघायचं. गंमत म्हणजे बाबूरावांनी कुठल्याच आर्ट स्कूलचं तोंड पाहिलं नव्हतं. नाटकांचे पडदे रंगवत रंगवत ते घडले. फी भरायच्या रांगेत उभं असताना ही गोष्ट कुणीतरी हटकून काढायचंच.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यात सर गेले. दुसरीकडे कायम नोकरी मिळाली, जाणारच. त्यांच्याबरोबर आउटडोअर बंद झालं. त्यांच्या जागी आलेले सर हजेरी घ्यायचे, "काम करा" म्हणायचे आणि ऑफिसात जाऊन बसायचे. हेड स्टडीला, म्हणजे समोर माणूस बसवून चेहरा काढायला, मॉडेल येईना, कारण मॉडेलचे पैसे कुणी द्यायचे यावर घोळ. शेवटी आम्हीच वर्गणी काढली आणि मार्केट यार्डातल्या एका फेटेवाल्या आजोबांना बसवलं. आजोबा बसल्या बसल्या पेंगायचे, मान हळूहळू छातीवर यायची आणि आमची प्रपोर्शन्स बोंबलायची. पण परीक्षा सरकारी. तिथे, सर नव्हते हो, असं कुठे लिहिणार?

आता आमच्या खालच्या बॅचला विचारा. त्यांना कॉम्पोझिशनला, म्हणजे चित्ररचनेला, एक तरुण मॅडम मिळाल्या. त्या पोरांची कामं राज्य कला प्रदर्शनाच्या विद्यार्थी विभागात लागली. शाहू स्मारकच्या कलादालनात त्यांनी ग्रुप शो केला तेव्हा मी बघायला गेले होते. खरं सांगायचं तर जळफळाट झाला. इमारत तीच, फीही जवळपास तेवढीच.

पैसे पाण्यात गेले म्हणणाऱ्या मित्राचंही खोटं नाही. त्याला डिझाइनमध्ये जायचं होतं. माहितीपत्रकात कॉम्प्युटर लॅबचा फोटो होता. प्रत्यक्षात चालू मशीन मोजकी आणि लॅबची किल्ली ज्यांच्याकडे ते बहुतेक वेळा जागेवर नसायचे. फोटोशॉप, कोरलड्रॉ तो संध्याकाळी एका फ्लेक्सवाल्याच्या दुकानात शिकला. कोल्हापुरात तालमी आणि मंडळं काय कमी आहेत? वाढदिवसाचे आणि गणपतीचे बोर्ड करता करता त्याचा हात असा बसला की आज त्याचं स्वतःचं दुकान आहे. कॉलेजचा विषय निघाला की म्हणतो, "भावा, आपलं कॉलेज म्हंजे ते दुकान." पण अक्षरांकन त्याला वर्गातच शिकवलं होतं, आणि ते त्याच्या बोर्डांवर दिसतं. हे मी त्याला सांगितलं की भांडण.

पैशाचं थोडक्यात. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गातल्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करता येतो. मात्र तो अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि तिथून पुढे सरकावा लागतो. माझा तिथेच पडून राहिला. क्लार्क रोज "उद्या बघू" म्हणायचे. एके दिवशी पप्पा गारगोटीहून पहिली गाडी पकडून आले आणि ऑफिससमोरच्या बाकावर बसून राहिले. काही बोलले नाहीत, डबा खाल्ला, पेपर वाचला. संध्याकाळच्या आत अर्ज पुढे गेला.

शिष्यवृत्ती मिळाली तरी कागद, रंग, कॅनव्हास, फ्रेम हा सगळा खर्च आपलाच. सबमिशनच्या महिन्यात तो खोलीभाड्यापेक्षा वर जातो. आम्ही फुल इम्पिरियल शीट दोघींत घेऊन अर्धा-अर्धा कापायचो. सीनियर्सच्या उरलेल्या ट्यूब निम्म्या किमतीत मिळायच्या, फक्त त्यांच्याशी गोड राहावं लागतं.

जी.डी. आर्ट हा डिप्लोमा आहे, पदवी नव्हे. पुढे एम.एफ.ए., म्हणजे कलेतली पदव्युत्तर पदवी, करायचं असेल तर ज्या विद्यापीठात जायचंय तिथले नियम आधीच वाचून ठेवा. शाळेत कलाशिक्षक व्हायचं असेल तर ए.टी.डी.ची, म्हणजे कलाशिक्षक डिप्लोमाची, वाट वेगळी. त्या वाटेने गेलेली माझी रूममेट भरतीची वाट बघत खाजगी क्लास घेते. मी पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेते आणि रविवारी सकाळी घाटावर बसते. आमच्यातले चार-पाचजण अजून येतात. सर कोल्हापुरात आले की तेही येतात आणि अजून ट्यूब तपासतात.

तर फोन करणाऱ्यांना मी काय सांगते? प्रवेशाच्या दिवशी जाऊ नका, तेव्हा सगळं लख्ख असतं. एखाद्या साध्या बुधवारी दुपारच्या जेवणानंतर जा आणि वर्गात कोण शिकवतंय ते डोळ्यांनी बघा. शिक्षक कायम किती आणि तासिकेवर किती, हे ऑफिसला तोंडावर विचारा. पास होऊन गेलेल्यांना विचारू नका, मलाही नको. सध्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोरांना चहा पाजा आणि मागच्या महिन्यात मॉडेल किती वेळा बसलं तेवढं विचारा. आणि "इतर शुल्क" म्हणून जे काही भराल त्याची पावती तिथल्या तिथे घ्या. नंतर मागायला गेलं की ते पावतीपुस्तक सापडत नाही.