बोअरच्या पाण्यातला साबण आणि तातारस्तानचं जड तेल

मुलगा रशियात शिकायला गेलाय म्हटलं की लातुरात लोक एमबीबीएसच धरून चालतात. मी मात्र कझानला रसायनशास्त्रात पीएचडी करतोय. धातू असलेले सर्फॅक्टंट (तेल-पाण्याच्या सीमेवर काम करणारे, साबणासारखे पदार्थ) वापरून जमिनीतलं जड कच्चं तेल बाहेर कसं काढायचं, हा माझा विषय. गावाकडून विचारणारे बरेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कझान हे रसायनशास्त्राचं जुनं गाव. १८४४ साली रसायनशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस यांनी रुथेनियम हे मूलद्रव्य इथंच शोधलं. आणि कझान ज्याची राजधानी, तो रशियातला तातारस्तान प्रांत जगतो तेलावर. रोमाश्किनोचं प्रचंड तेलक्षेत्र १९४८ मध्ये सापडलं. तिथलं सहज येणारं तेल अनेक दशकं उपसून झालं. आता लक्ष आहे ते त्याहून वरच्या, पर्मियन नावाच्या भूशास्त्रीय काळातल्या थरांतल्या जड तेलाकडे. ते फार खोल नाही, पण इतकं घट्ट की पंपाला दाद देत नाही. अशाल्चा भागात त्यासाठी एकीखाली एक अशा दोन आडव्या विहिरी असतात. वरच्या विहिरीतून वाफ सोडायची, तापून पातळ झालेलं तेल खालच्या विहिरीत उतरतं.

वाफेला पाणी आणि इंधन बेसुमार लागतं. एवढं करून तेल वर येऊन थंड झालं की पुन्हा घट्ट, कारण त्यातले रेणू बव्हंशी तेच असतात. जडपणाचं मूळ अस्फाल्टीन आणि रेझिन या बोजड रेणूंत आहे. त्यांच्यातले कार्बन-गंधक बंध तुटले, तर तेल थंड झाल्यावरही पातळ राहतं. वाफेच्या तापमानाला पाणी स्वतःच या रेणूंशी अभिक्रिया करतं आणि धातूंचे क्षार ती वाढवतात, हे कॅनडात हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवलं. अडचण एवढीच की साधा क्षार विरघळतो पाण्यात, आणि काम असतं तेलात.

इथून पुढचं लातूरकरांना लगेच कळेल. बोअरच्या पाण्यात साबण फेसत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट चिकट थर धरतो. तो थर म्हणजे धातूचा साबणच. पाण्यातलं कॅल्शियम साबणाच्या सोडियमची जागा घेतं आणि नवा साबण पाण्यात विरघळेनासा होतो. त्याच जागी निकेल, लोखंड, कोबाल्ट किंवा तांबं बसवायचं, की झाला आमचा सर्फॅक्टंट. त्याची लांब शेपटी तेलात रुतते, धातूचं डोकं पाण्याकडे राहतं. आधी तो तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण कमी करतो. मग तापमान चढलं की तुटतो आणि मागे धातूच्या सल्फाइडचे अतिसूक्ष्म कण राहतात. ते कणच पुढे उत्प्रेरक म्हणून बंध तोडतात. एका रेणूकडून दोन कामं होतात. माझा जीव या विषयात अडकलाय तो यामुळेच.

प्रयोगशाळेत मेदाम्लाचा (तेल-चरबीत असतं त्या आम्लाचा) आधी सोडियम साबण करतो आणि ढवळत ढवळत त्यात निकेल सल्फेटचं द्रावण थेंबथेंब सोडतो. बघता बघता हिरवा, चिकट गोळा धरतो, काचदांडीला गुंडाळून येतो. तो गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवावा लागतो, नाहीतर सल्फेट मागे राहतं. मग जड तेल, पाणी आणि हा साबण ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या जाड भांड्यात, बंद करून २५० ते ३०० अंशांवर दिवसभर ठेवायचं. उघडताना हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणून वायू आधी बंद नळीतूनच बाहेर काढतो. गंधकाचे बंध तुटल्याची ती पहिली खूण.

जमिनीखाली मात्र अडचणी आहेत. सर्फॅक्टंट खडकालाच चिकटून वाया जातो. तेल-पाण्याचं इमल्शन (एकजीव मिश्रण) फार पक्कं झालं, तर वर आल्यावर पाणी वेगळं काढताना नाकी नऊ येतात. निकेल विषारीही आहे. उत्प्रेरक म्हणून ते कितीही चांगलं असलं, तरी भूजलाच्या आसपास मी ते वापरणार नाही. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला पाण्याशी खेळ परवडत नाही. म्हणून माझा ओढा लोखंडाकडे. ते स्वस्त आहे आणि त्यातल्या त्यात निरुपद्रवी.

परवा फोनवर मामांना हे सांगत होतो. ते लातूरच्या एमआयडीसीत सोया तेलाच्या रिफायनरीत आहेत. "अरे, मग आपलं ॲसिड ऑइल चालंल का रे त्याला?" ऐकताक्षणी मी उठून बसलो. इथं मेदाम्लं पाइनच्या लाकडापासून कागद करताना निघणाऱ्या टॉल ऑइलमधून मिळतात. सोया तेल शुद्ध करताना सोपस्टॉक, म्हणजे साबणासारखा गाळ, उरतो, त्यातून ॲसिड ऑइल निघतं, आणि दोन्हींत मुख्यतः ओलेइक आणि लिनोलेइक आम्लंच असतात. आपल्याकडे ते साबणवाल्यांना स्वस्तात जातं. जड तेल भारतातही आहे: गुजरातेत मेहसाण्याजवळ बालोल आणि सांथलला, राजस्थानात बाघेवालाला. गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करणाऱ्या देशात या दोन गोष्टी एकत्र आणून पाहायलाच हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

नांदेडला किंवा संभाजीनगरला एमएस्सी करणाऱ्या कुणाला प्रकल्प हवा असेल, तर लोखंडापासून सुरुवात करा. ॲसिड ऑइलची ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे त्यात मोकळं आम्ल किती ते, आधी काढा, कारण प्रत्येक खेपेला ती बदलते, आणि साबण करताना डिस्टिल्ड पाणीच वापरा. बोअरचं घेतलंत तर लोखंडाआधी कॅल्शियमच जागा पटकावून बसेल.