दादरचा इंडिकेटर

आठवीपासून चष्मा, नंबर उणे साडेपाच. पावसाळ्यात लोकलमध्ये शिरलं की काचांवर वाफ धरायची. वैतागून शेवटी लेसिक केलं, म्हणजे लेसरने चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन. आधी कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, जाडी मोजली. माझी ५३० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर! पातळ निघाली असती तर परत पाठवणार होते. थेंबांनी डोळा बधिर, त्यामुळे दुखलं नाही. पण लेसर चालू झाल्यावर केस जळल्यासारखा वास आला, तो कुणी आधी सांगितलाच नव्हता. आई बाहेर जप करत बसलेली.

चौथ्या दिवशी दादरच्या पुलावरून इंडिकेटर वाचला: कल्याण, स्लो. डोळे अजून कोरडे पडतात, थेंबांची बाटली पर्समध्येच असते. चाळिशी मात्र लागणारच, डॉक्टर म्हणाले. आणि नसलेला चष्मा सावरायला बोट नाकाकडे जातंच.